पंधराशे घड्याळांचे देणे

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता एकमेकांना भेटतात. तेथील वाहतुकीत अडकलेल्या एखाद्या तरुण दुचाकीस्वाराच्या मनगटावर अधूनमधून एक जाडजूड घड्याळ दिसते. काळी तबकडी, अंधारात हिरवट चकाकणारे ठसठशीत ठिपके, भोवती फिरणारे दातेरी कडे आणि तबकडीवर छापलेला २०० मीटर खोलीचा दाखला. खोल समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी घडवलेले हे जपानी घड्याळ. संग्राहकांच्या भाषेत डायव्हर. समुद्र पाहायचा तर नाशिककराला कसारा घाट उतरावा लागतो आणि या घड्याळाच्या नशिबी येणारे सर्वांत खोल पाणी बहुधा रामकुंडाचेच असते. तरीही घड्याळे जमवण्याचा छंद जडलेल्या कित्येकांचा श्रीगणेशा याच घड्याळापासून होतो.

त्यामागचे कारण उघड आहे. नामांकित स्विस डायव्हरसाठी जेथे लाखांत रक्कम मोजावी लागते, तेथे सेइको, सिटिझन किंवा ओरिएंट या जपानी कंपन्यांचे घड्याळ त्याच्या लहानशा अंशात मिळते. त्यात बॅटरी नसते. हाताच्या हालचालीवर आपोआप चावी भरली जाते आणि वर्षानुवर्षे ते मुकाट्याने चालत राहते. मात्र त्याची थोरवी गाणारी मंडळी त्याच्या खोडीही तितक्याच हौसेने सांगतात. त्यातील सर्वांत मोठे नाव सेइकोचे, आपल्याकडच्या बोलीत 'सिको'चे. या नावामागील आकर्षण आणि उणिवा या दोहोंचे मूळ शोधू गेल्यास ते टोकियोतील एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याच्या मुलापाशी जाऊन पोहोचते.

किंतारो हात्तोरी यांचा जन्म १८६० सालचा. टोकियोचे नाव तेव्हा एदो होते आणि जपानवर शोगुनांची सत्ता होती. एकुलत्या एका मुलाने व्यापारात शिरावे असे घरचे वातावरण. अकराव्या वर्षी त्याला परदेशी मालाच्या एका दुकानात उमेदवारीसाठी धाडण्यात आले. त्या दुकानाजवळच एक घड्याळाचे दुकान होते. पावसाच्या दिवशी गिऱ्हाईक फिरकत नसे. मग मालाच्या दुकानातील नोकर हातावर हात धरून बसत. घड्याळाच्या दुकानात मात्र त्या दिवशीही मालक आणि कारागीर खाली मान घालून दुरुस्तीत गुंतलेले असत. विक्री थांबली तरी दुरुस्तीची मिळकत थांबत नाही, हा हिशेब त्या पोरसवदा उमेदवाराच्या मनात पक्का बसला. घड्याळाच्या धंद्यात जाण्याचा त्याचा निश्चय झाला तो असा. यंत्रांचे वेड वगैरे कारणे त्यामागे असतीलही, पण पहिले कारण पाऊस!

काळही त्याच्या बाजूचा होता. जपानची स्वतःची कालगणना होती. दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग केले जात आणि ऋतूनुसार त्यांची लांबी कमी-अधिक होई. १ जानेवारी १८७३ पासून नव्या मेइजी राजवटीने पाश्चात्त्य दिनदर्शिका आणि चोवीस समान तासांचा दिवस स्वीकारला. जुनी घड्याळे जवळजवळ एका रात्रीत निरुपयोगी झाली. रेल्वे, शाळा, कचेऱ्या, लष्कर या साऱ्यांना नवी घड्याळे हवी होती आणि ती परदेशातून येत होती. ती दुरुस्त करणारे हात मात्र थोडे होते.

किंतारो यांनी शहरातील घड्याळ्यांच्या दुकानांत काम शिकून घेतले आणि १८७७ च्या सुमारास वडिलांच्याच घरी दुरुस्तीची पाटी लावली. गहाणवटीच्या दुकानांतून मोडकी घड्याळे आणायची, ती चालती करून विकायची, असा उद्योग सुरू झाला. १८८१ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हात्तोरी यांचे स्वतःचे दुकान उभे राहिले. दोनच वर्षांनी ते आगीत भस्मसात झाले. त्यांनी दुसरीकडे नवे दुकान थाटले आणि १८८७ मध्ये ते गिन्झा या प्रतिष्ठित पेठेत दाखल झाले.

या प्रगतीचे रहस्य घड्याळापेक्षा वहीखात्यात होते. योकोहामा बंदरातील परदेशी व्यापारी पेढ्या घड्याळे आयात करीत. स्थानिक दुकानदारांची उधारी सणावारी किंवा वर्षअखेरीस चुकती करण्याची रीत परदेशी पेढ्यांना मानवणारी नव्हती. हात्तोरी मात्र ठरल्या दिवशी पैसे पोहोचते करीत. साहजिकच नवा माल आला की तो प्रथम त्यांना मिळू लागला आणि उधारीची मर्यादाही वाढत गेली. ठरल्या वेळी देणे चुकवणे हेच त्यांचे भांडवल ठरले.

१८९२ मध्ये त्यांनी कारखाना काढला. त्याचे नाव सेइकोशा. नेमक्या, कसबी कामाचे घर असा त्या नावाचा भाव. त्सुरुहिको योशिकावा नावाचा तल्लख तंत्रज्ञ त्यांच्या जोडीला होता. पैसा आणि बाजार हात्तोरी यांनी पाहावा, यंत्रे योशिकावा यांनी, अशी ही विभागणी. पहिले उत्पादन होते अमेरिकी धाटणीची भिंतीवरची घड्याळे. तीन वर्षांनी खिशातले घड्याळ आले, पण त्यातील काही भाग स्वित्झर्लंडहूनच आणावे लागत आणि खिशातल्या घड्याळांचा हा विभाग बरीच वर्षे तोट्यात होता. भिंतीवरच्या आणि गजराच्या घड्याळांनी तो तोटा पोसला. सुरुवातीची ही जपानी घड्याळे म्हणजे परदेशी नमुन्यांची स्वस्त आवृत्ती होती, हे मान्य करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. परक्याचा माल उघडून पाहायचा, जमेल तेवढा स्वतः करायचा, न जमेल तेवढा विकत घ्यायचा आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात ठेवायची, हा मार्ग त्यांनी डोळसपणे निवडला होता.

शतक बदलताना ते अमेरिका आणि युरोपचे कारखाने पाहून आले. सोबत यंत्रे आली. पुढे योशिकावा यांनी स्वतःच स्वयंचलित यंत्रे रचली आणि उत्पादनाचा वेग वाढला. १९१३ मध्ये 'लॉरेल' हे जपानमध्ये बनलेले पहिले मनगटी घड्याळ बाजारात आले. पहिल्या महायुद्धात जर्मन माल थांबल्यावर ब्रिटन आणि फ्रान्समधून गजराच्या घड्याळांची मोठी मागणी सेइकोशाकडे वळली. हात्तोरी यांना पौर्वात्य जगाचा घड्याळराजा म्हटले जाऊ लागले.

१ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारच्या सुमारास टोकियो आणि योकोहामा परिसर भूकंपाने हादरला. त्यानंतर उसळलेल्या आगींनी शहराचा मोठा भाग गिळला. सेइकोशाचा कारखाना जळाला. तीस वर्षांत जमवलेली यंत्रे, साचे, कच्चा माल सारे गेले. हात्तोरी तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. या वयात उद्योग गुंडाळला असता तरी कोणी बोल लावला नसता.

आगीत आणखीही काही जळाले होते. दुरुस्तीसाठी ग्राहकांनी सोपवलेली सुमारे १५०० घड्याळे. ती हात्तोरी यांच्या मालकीची नव्हती. भूकंप ही काही दुकानदाराची चूक नव्हे आणि अशा प्रलयात कोणी भरपाई मागायला येईल, ही शक्यताही थोडीच. हात्तोरी यांनी वृत्तपत्रांत जाहिरात दिली. ज्यांची घड्याळे दुरुस्तीला होती, त्यांना त्याच तोलाचे नवे घड्याळ विनामूल्य देण्यात येईल, असे त्यातून कळवले आणि तसे दिलेही. व्यापारी दृष्टीनेही हा डाव शहाणपणाचा ठरला, हे खरे. पण कारखान्याची राख अजून पुरती निवालेली नसताना तो खेळायला वेगळी छाती लागते.

काही महिन्यांतच भिंतीवरच्या घड्याळांचे उत्पादन पुन्हा सुरू झाले आणि डिसेंबर १९२४ मध्ये नव्या मनगटी घड्याळाच्या तबकडीवर प्रथमच 'सेइको' हे नाव उमटले. १९२७ मध्ये हात्तोरी यांची जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर नियुक्ती झाली. १९२९ मध्ये सेइकोशाचे खिशातले घड्याळ जपानी रेल्वेचे अधिकृत घड्याळ ठरले. १९३२ मध्ये गिन्झाच्या कोपऱ्यावर घड्याळाच्या मनोऱ्याची नवी इमारत उभी राहिली. ती आजही तेथे आहे. १ मार्च १९३४ रोजी हात्तोरी निवर्तले.

त्यांनी पाण्याखाली चालणारे घड्याळ कधी पाहिले नाही. कंपनीने जपानचे पहिले डायव्हर बाजारात आणले ते १९६५ मध्ये. १५० मीटर खोलीचे. तीन वर्षांनी हिरोशिमा परिसरातील एका व्यावसायिक पाणबुड्याचे पत्र कंपनीकडे आले. ३०० मीटरच्या पलीकडे, हेलियममिश्रित वायूत काम करताना कोणतेच घड्याळ टिकत नाही, अशी त्याची तक्रार होती. ते पत्र केराच्या टोपलीत गेले नाही. त्यावर सात वर्षे काम झाले आणि १९७५ मध्ये टायटॅनियमच्या पेटीतील ६०० मीटरचे घड्याळ आले. पाण्याच्या दाबाखाली पोशाख आवळला तरी मनगटावर सैल न पडणारा घड्यांचा पट्टाही त्याच घड्याळासोबतचा. दुरुस्तीच्या टेबलावर सुरू झालेल्या घराण्याला हे साजेसे होते.

स्वस्त डायव्हरची कथा मात्र थोडी निराळी आहे. १९९६ मध्ये आलेले 'एसकेएक्स ००७' हे संग्राहकांचे लाडके घड्याळ २०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय कसोटीला उतरणारे होते. पण त्याची चावी हाताने भरता येत नसे आणि वेळ जुळवताना सेकंदकाटा थांबत नसे. काच नीलमणी जातीची नसल्याने भिंतीला घासली की ओरखडा ठरलेला. सर्वांत जिव्हारी लागणारी खोड म्हणजे फिरत्या कड्यावरील त्रिकोण आणि तबकडीवरील बाराची खूण किंचित तिरकी बसणे. नव्या घड्याळातही हा दोष आढळतो आणि एकदा तो दिसला की डोळा तेथून हटत नाही. सिटिझन आणि ओरिएंटच्या स्वस्त मालिकांतही काही घड्याळांचा सेकंदकाटा असाच न थांबणारा राहिला.

'एसकेएक्स'चे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. त्याच्या जागी आलेल्या नव्या 'सेइको फाइव्ह स्पोर्ट्स'मध्ये सेकंदकाटा थांबतो, हाताने चावीही भरता येते. पण पाण्याची हमी १०० मीटरवर आली, म्हणजे रूप डायव्हरचे आणि कसोटी साधी. त्यातील यंत्रणा दिवसाला ४५ सेकंद पुढे किंवा ३५ सेकंद मागे गेली तरी ती कंपनीच्या लेखी निर्दोषच. १९६९ मध्ये जगातील पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकून महिन्याला पाच सेकंदांची अचूकता दाखवणाऱ्या घराण्याचा हा आकडा आहे. शिवाय बंद झालेल्या जुन्या 'एसकेएक्स'चे भाव असे वाढले, की स्वस्त म्हणून नावाजलेल्या घड्याळासाठीच संग्राहक मूळ किमतीहून जास्त मोजू लागले.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध काहीसा अडचणीचा आहे. आपल्याकडे जपानी घड्याळ दोन वाटांनी आले. १९६१ मध्ये एचएमटीने सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळे बनवायला घेतली, ही राजमार्गाची वाट. दुसरी आखाती देशांत नोकरीला गेलेल्यांच्या सामानातून. तेथून परतणाऱ्याने भावासाठी किंवा मेहुण्यासाठी 'सिको फाइव्ह' आणणे हा जणू रिवाजच होता. ती घड्याळे जुनी झाली आणि त्यांतून वेगळाच बाजार उभा राहिला. तबकड्या नव्याने रंगवायच्या, एका घड्याळाचे काटे दुसऱ्याला आणि तिसऱ्याची पेटी चौथ्याला लावायची, आणि ते अस्सल जुने म्हणून परदेशी ग्राहकाला विकायचे. जगभरच्या संग्राहकांत अशा मालाला 'मुंबई स्पेशल' हे नाव पडले आहे. भडक नारिंगी किंवा निळी तबकडी, फुगीर अक्षरे आणि संशयास्पद स्वस्त किंमत ही त्याची लक्षणे. जुन्या डायव्हरच्या बाबतीत धोका अधिक, कारण पेटी एकदा अशी उघडून जोडली की पाणी अडवणारी कडी मूळची राहिल्याचा भरवसा उरत नाही. काम करणारे हात कसबी असतात, यात वाद नाही. हात्तोरी यांनीही मोडकी घड्याळे चालती करूनच विकली होती. ती कोणती हे मात्र त्यांनी लपवले नव्हते.

दुरुस्तीचा तो जुना व्यवसायही आता आक्रसला आहे. स्वस्त जपानी डायव्हर मागे पडू लागले, की ते उघडून साफ करण्यापेक्षा आतली यंत्रणाच बदलणे अनेकदा परवडते. भिंग लावून बसणाऱ्या घड्याळ्याकडे मग बॅटरी आणि पट्टे बदलण्याचेच काम उरते.

टोकियोत गिन्झा येथे सेइकोचे संग्रहालय आहे. जपानचे पहिले मनगटी घड्याळ तेथे आहे, १९६५ चे डायव्हर आहे, ६०० मीटरचेही आहे. त्याच संग्रहालयात १९२३ च्या आगीत वितळून एकमेकांना चिकटलेल्या घड्याळांचा एक काळपट गोळाही जपून ठेवलेला आहे.