महासत्तांच्या छायेत पंढरीची वाट

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले आणि अल्पावधीतच जगाची विभागणी दोन छावण्यांत झाली. एका बाजूस अमेरिका व तिची भांडवलशाही, दुसऱ्या बाजूस सोव्हिएत संघ व त्याचा साम्यवाद. १९९१ साली सोव्हिएत संघाचे विघटन होईपर्यंत चाललेल्या या स्पर्धेचा हिशेब सामान्यतः अण्वस्त्रे, लष्करी करार आणि कोरिया-व्हिएतनामची युद्धे यांच्या आधारे मांडला जातो. परंतु नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना तिची आणखी एक किंमत मोजावी लागली. विचार करणाऱ्या माणसाला आधी त्याची छावणी विचारली जाऊ लागली. त्याचे म्हणणे नंतर, आणि तेही कानावर आले तर, ऐकले जाऊ लागले. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबे येथे झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक. त्यांनी अमेरिकेत हार्वर्ड येथे पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम केले, आणि पुढे लेनिनग्राडलाही अध्यापन केले. पुढील काळात ज्या दोन देशांत जग वाटले जाणार होते, त्या दोहोंशी या मराठी घराचा संबंध असा विद्येच्या मार्गाने आला. दामोदर १९१८ साली वडिलांबरोबर अमेरिकेस गेले, तेथेच शिकले आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी उच्च सन्मानाने मिळवून स्वदेशी परतले. बनारस व अलीगढ येथे अध्यापन केल्यानंतर १९३३ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. आनुवंशशास्त्रात आजही वापरले जाणारे त्यांच्या नावाचे सूत्र याच पुणे-वास्तव्यात सिद्ध झाले. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. मात्र बिऱ्हाड पुण्यातच ठेवून आगगाडीने ये-जा करीत राहिले.

गणिताच्या या प्राध्यापकाने इतिहासात जे काम केले त्यामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला. त्यांची पद्धती मार्क्सची होती आणि ते त्यांनी कधी लपविले नाही. परंतु मार्क्सची पद्धती स्वीकारणे आणि मॉस्कोचा शिक्का मारलेले निष्कर्ष स्वीकारणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी आपल्या लेखनातून दाखवून दिले. स्टालिनच्या काळात इतिहासाच्या ठरावीक पायऱ्यांचा एक साचा अधिकृत ठरला होता. त्यानुसार प्रत्येक समाज गुलामगिरीच्या अवस्थेतून गेलाच पाहिजे. श्रीपाद अमृत डांगे यांनी प्राचीन भारताला हा साचा लावला, तेव्हा कोसंबींनी १९४९ साली त्यांच्या पुस्तकाचे अत्यंत कठोर परीक्षण केले. ग्रीस-रोमसारखी गुलामांच्या श्रमावर उभी असलेली अर्थव्यवस्था भारतात आढळत नाही, हे त्यांचे प्रतिपादन होते. पुरावा साच्यात बसत नसेल तर साचा टाकावा, पुरावा नव्हे, हा त्यांचा बाणा होता. साहजिकच पक्षनिष्ठ मार्क्सवाद्यांना ते दुरावले आणि विरोधकांच्या लेखी ते कम्युनिस्टच राहिले.

या बाण्याचे सर्वांत बोलके उदाहरण पंढरपूरच्या वारीसंबंधी आहे. धर्म म्हणजे शोषकांनी पाजलेली गुंगी, एवढेच म्हणून मोकळे होणे साच्यातल्या मार्क्सवाद्याला सोपे होते. कोसंबी त्याऐवजी पालखीच्या वाटा पायांखाली घालू लागले. टेकड्या, माळ, म्हसोबाची व मातृदेवतांची ठाणी पाहात असता त्यांना या वाटेच्या परिसरात प्राचीन मानवाची गारगोटीची सूक्ष्म हत्यारे सापडत गेली. त्यावरून त्यांनी असा तर्क मांडला की, आळंदीहून पंढरीकडे जाणारी ही वाट संतांच्याही फार पूर्वीची आहे. पावसाच्या मानाने कळप घेऊन हिंडणाऱ्या पशुपालकांची ती हंगामी वाट असावी, आणि पुढे भक्तीने तिला नवा अर्थ दिला. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधसंग्रहात हे विवेचन आले. ते सर्वांना पटले नाही, पटलेच पाहिजे असेही नाही. परंतु वाखरीच्या माळावर लोटणाऱ्या निरक्षर वारकऱ्याच्या पायवाटेला इतिहासाचे साधन मानावे, हे कोणत्याही महासत्तेच्या पाठ्यपुस्तकात लिहिलेले नव्हते.

राजकारणात मात्र ते तटस्थ नव्हते. १९५० साली स्थापन झालेल्या जागतिक शांतता परिषदेत त्यांनी हिरिरीने काम केले. ही चळवळ सोव्हिएत संघाच्या प्रभावाखाली होती हे आज निर्विवाद आहे. अमेरिकेच्या साम्राज्यवादावर कोसंबी जेवढे तुटून पडले, तेवढी चिकित्सा त्यांनी सोव्हिएत संघाची व चीनची केली नाही. चिनी क्रांतीविषयी त्यांना वाटणारा आदर १९५९ ते १९६१ या काळात तेथे पडलेल्या भीषण दुष्काळाचे सत्य उजेडात येण्यापूर्वीचा आहे, हे खरे. तरीही जी धारदार बुद्धी त्यांनी डांगे यांच्या ग्रंथावर चालविली, ती बीजिंग व मॉस्कोपाशी बोथट झाली, हा आक्षेप उरतोच. स्पर्धेच्या छायेत स्वतंत्र माणसाचीही एक बाजू अंधारात राहते, ती अशी.

पण छावण्यांची कुंपणे त्यांनी विद्येच्या क्षेत्रात मानली नाहीत. ते शांतता परिषदेत वावरत असतानाच, १९५७ साली, वि. वि. गोखले यांच्यासह त्यांनी संपादित केलेला विद्याकराचा सुभाषितरत्नकोश हार्वर्डच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. त्या मालेचे संपादक डॅनियल इंगाल्स यांना संस्कृत काव्याचे कोसंबींनी केलेले वर्गीय विश्लेषण मान्य नव्हते. मतभेद कायम राहिले आणि ग्रंथही निघाला.

अणुशक्तीच्या प्रश्नावर त्यांनी घेतलेली भूमिका आज अधिक महत्त्वाची वाटते. भाभांच्या नेतृत्वाखाली १९५६ साली तुर्भे येथे अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. १९६० साली कॅनडाच्या साहाय्याने व अमेरिकेच्या जड पाण्यावर दुसरी उभी राहिली. अणुशक्ती हे त्या काळी प्रतिष्ठेचे चिन्ह झाले होते. कोसंबींनी प्रश्न विचारला तो खर्चाचा. भांडवल अपुरे आणि ऊन अमाप असलेल्या देशाने सौरशक्तीकडे वळावे, खेडोपाडी विखुरलेल्या गरजांना तीच परवडेल, असे त्यांनी १९६० च्या सुमारास सांगितले. त्या वेळी सौरतंत्र महाग व अपरिपक्व होते, त्यामुळे भाभांची बाजू निराधार होती असे नव्हे. परंतु आज सोलापूर जिल्ह्यातील शेतकरी सौरपंपाचा विचार करतो, तेव्हा तो प्रश्न अकाली असला तरी अनाठायी नव्हता हे कळते. १९६२ साली टाटा संस्थेशी त्यांचा संबंध संपला. त्यामागे केवळ हा मतभेद नव्हता. रीमानच्या गृहीतकाविषयी १९५९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेली सदोष सिद्धताही त्यांच्या कीर्तीस बाधक ठरली होती.

२९ जून १९६६ रोजी, आषाढी वारीच्या दिवसांत, पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. त्या वेळी देश लागोपाठच्या अवर्षणांनी गांजला होता. पी. एल. ४८० कायद्याखाली येणारा अमेरिकन गहू शिधापत्रिकेवर मिळत होता, आणि व्हिएतनामविषयी भारताने केलेल्या टीकेमुळे चिडलेले वॉशिंग्टन जहाजांची दोरी हाती धरून होते. तीनच आठवड्यांपूर्वी, ६ जून रोजी, रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला होता. स्पर्धेचा लाभही भारताने घेतला, हे नाकारता येणार नाही. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत साहाय्याने झाला, आणि अमेरिकेकडून बोकारोला साहाय्य मिळेना तेव्हा तेही रशियाने दिले. पण यंत्र उसने घेता येते, गहू उसना घेता येतो, आणि दोहोंची परतफेडही करता येते. विचार उसना घेतला म्हणजे ते कर्ज पिढ्यान्‌पिढ्या फिटत नाही, कारण ते कर्ज आहे हेच ध्यानात राहत नाही.

आज अमेरिका व चीन यांची नवी चढाओढ सुरू आहे आणि शिक्षणापासून व्यापारापर्यंत प्रत्येक प्रश्नावर पुन्हा छावणी विचारली जाऊ लागली आहे. कोसंबींचे निष्कर्ष सगळे टिकतील असे नाही. काही तर त्यांच्या हयातीतच डळमळले. तरी त्यांनी घालून दिलेला परिपाठ अभ्यासकाला, शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला उपयोगी पडेल असा आहे: आधी आपल्या पायाखालची जमीन तपासावी, तिच्यातून काय निघते ते पाहावे, आणि मग जगातल्या कोणत्या सिद्धान्ताशी ते जुळते याचा विचार करावा. जेथे ते स्वतः या परिपाठापासून ढळले, तेथे त्यांचीही चिकित्सा करण्याचा अधिकार तोच परिपाठ देतो.