खलाशांचा कैवारी

बंदरात उभ्या असलेल्या मोठ्या मालवाहू जहाजाच्या बाजूवर, मध्यभागी, एक वर्तुळ रंगविलेले असते. त्या वर्तुळातून एक आडवी रेघ गेलेली असते. जहाजात माल भरू लागला म्हणजे जहाज हळूहळू पाण्यात खाली जाते. समुद्राचे पाणी ठरलेल्या रेघेला टेकले, की माल भरणे थांबवावे लागते. अशी रेघ प्रत्येक जहाजावर असावी, म्हणून ज्याने जिवाचे रान केले, त्या सॅम्युएल प्लिमसोलच्या नावानेच ती ओळखली जाते.

प्लिमसोलचा जन्म १० फेब्रुवारी १८२४ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरी झाला. लहान वयातच शाळा सोडून त्याने शेफील्ड येथे कारकुनी पत्करली. १८५३ मध्ये तो लंडनला गेला व कोळशाचा व्यापार करू लागला. परंतु त्यात त्याचे सर्वस्व बुडाले. काही काळ त्याला अत्यंत गरीब लोकांच्या वस्तीत दिवस कंठावे लागले. दरिद्री माणसे एकमेकांना कसा आधार देतात, हे त्याने तेथे जवळून पाहिले. पुढे व्यापारात त्याचा जम बसला आणि हाती पैसा आला. पण ते दिवस तो विसरला नाही.

१८६८ मध्ये डर्बी शहराने त्याला पार्लमेंटात निवडून दिले. त्या काळी अनेक लोभी जहाजमालक जुन्यापुराण्या जहाजांत वाटेल तितका माल कोंबीत. जहाजाचा भरपूर विमा उतरविलेला असे. त्यामुळे जहाज बुडाले तरी मालकाचे नुकसान होत नसे. प्राण जात ते बिचाऱ्या खलाशांचे. अशा जहाजांना लोक शवपेटी म्हणत. एकदा करार केलेल्या खलाशाने जहाजावर चढण्यास नकार दिला, तर त्यालाच तुरुंगात जावे लागे!

न्यूकॅसल येथील जेम्स हॉल या जहाजमालकाने या अन्यायाविरुद्ध आधीच आवाज उठविला होता. प्लिमसोल स्वतः खलाशी नव्हता. तरीही त्याने हे कार्य आपले मानले. १८७३ च्या आरंभी त्याने खलाशांच्या हालांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याने साऱ्या देशात खळबळ उडाली. पुस्तकातील काही आरोप चुकीचे होते, त्यामुळे प्लिमसोलवर अब्रुनुकसानीचे खटलेही झाले. तथापि त्याने माघार घेतली नाही.

१८७५ मध्ये जहाजांच्या सुरक्षिततेचे विधेयक पार्लमेंटापुढे आले. परंतु २२ जुलै रोजी पंतप्रधान डिझरायली यांनी ते सोडून दिल्याचे जाहीर केले. येता हिवाळा आणखी किती खलाशांचा बळी घेणार, या विचाराने प्लिमसोलचा संयम सुटला. त्याने भर सभागृहात मूठ उगारून काही सभासदांना दुष्ट म्हटले. सभागृहाच्या शिस्तीचा हा मोठा भंग होता. आठवडाभराने त्याने त्याबद्दल क्षमा मागितली. मात्र खलाशांविषयी सांगितलेली हकिकत मागे घेतली नाही.

लोकमत त्याच्या बाजूने उभे राहिले. सरकारला लवकरच तात्पुरता कायदा करावा लागला आणि धोकादायक जहाजे अडवून ठेवण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. १८७६ च्या कायद्याने जहाजावर रेघ आखणे सक्तीचे झाले. परंतु ती कोठे आखावी, हे मालकाच्याच मर्जीवर सोडलेले होते! ही उणीव १८९० च्या कायद्याने दूर झाली आणि रेघेची जागा सरकारी नियमांनी ठरू लागली.

३ जून १८९८ रोजी फोकस्टन येथे प्लिमसोलचे निधन झाले. १९२९ मध्ये इंग्लंडच्या खलाशांच्या संघटनेने लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी त्याचे स्मारक उभारले. १९३० मध्ये अनेक राष्ट्रांनी एकत्र येऊन या रेघेविषयी करार केला. आता एका रेघेच्या जोडीला आणखी रेघा असतात. हिवाळ्यात काही समुद्र फार खवळतात, म्हणून हिवाळ्याची रेघ खाली असते. गोड्या पाण्यात जहाज अधिक खोल जाते, म्हणून त्या पाण्याची रेघ वर असते.

जहाज असो वा लहानशी होडी, तिने किती भार वाहावा यालाही मर्यादा असते. ती मर्यादा लोभाने नव्हे, तर कायद्याने ठरावी, यासाठी प्लिमसोलने आपले आयुष्य वेचले.