रेशमी चित्रांचे विणकर : टॉमस स्टीव्हन्स

कर्जतहून वर चढणारा बोरघाटांतील लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. त्याचें काम चाललें असतांनाच सातासमुद्रांपलीकडे इंग्लंडांतील कॉव्हेंट्री शहरीं हजारों विणकरांच्या घरच्या चुली विझल्या होत्या. त्या आपत्तींतून एक नवी कला उदयास आणणाऱ्या टॉमस स्टीव्हन्स ह्यांचें हें अल्प चरित्र होय.

स्टीव्हन्स ह्यांचा जन्म १८२८ सालीं कॉव्हेंट्रीनजीक फोल्सहिल येथें झाला. रेशमी फितींच्या एका कारखान्यांत धंद्याचें शिक्षण घेऊन त्यांनीं १८५४ सालीं स्वतःचा कारखाना काढला. परंतु १८६० च्या व्यापारी तहामुळें फ्रेंच रेशमी मालावरील जकात उठली आणि परदेशी फितींपुढें कॉव्हेंट्रीचा माल पडून राहिला. माग थांबले, अनेक कुटुंबें पोटासाठीं देशांतरास गेलीं.

स्टीव्हन्स मात्र खचले नाहींत. जाकार नामक फ्रेंच कारागिराच्या मागावर छिद्रें पाडलेले पुठ्ठे असतात. छिद्र असेल तेथें ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथें तो खालींच राहतो. ह्या युक्तीनें फितींवर फुलें विणतां येतात, तर चित्रें कां येऊं नयेत? असा विचार करून त्यांनीं १८६२ च्या सुमारास रेशमी वाचनखुणा विणण्यास आरंभ केला. कोणी त्या बायबलांत ठेवी, कोणी वाढदिवसास स्नेह्यांना धाडी.

१८७९ सालीं यॉर्क येथील प्रदर्शनांत माग उभारून प्रेक्षकांसमक्ष चित्रें विणण्यांत आलीं. घोड्यांची टपालगाडी, आगगाडी, राजघराण्यांतील व्यक्ति असे त्यांचे नाना विषय असत. पुठ्ठ्यावर बसविलेलें असें चित्र लोक स्मरणार्थ घरीं नेत. हींच चित्रें पुढें ‘स्टीव्हनग्राफ’ ह्या नांवानें प्रसिद्ध झालीं.

१८८८ सालीं लंडन येथें स्टीव्हन्स ह्यांचें देहावसान झालें. धंदा त्यांच्या मुलांनीं चालविला. परंतु नोव्हेंबर १९४० मध्यें जर्मन विमानांच्या बाँबवर्षावांत तो कारखाना नष्ट झाला. चित्रें मात्र उरलीं. कॉव्हेंट्रीच्या हर्बर्ट संग्रहालयांत तीं आजहि पाहावयास मिळतात.

विद्यार्थिमित्रहो, शहरांतील साऱ्या चुली स्टीव्हन्स ह्यांना पुन्हां पेटवितां आल्या नाहींत, हें खरें. पण माग जुनाच, रेशीम जुनेंच आणि पुठ्ठेहि जुनेच असतां नवी होती ती केवळ त्यांची दृष्टि. आणि तिनें कित्येक हातांना पुन्हां काम दिलें. आजीची पैठणी आपण घरोघरीं जपून ठेवितों. ती उलगडतांना आठवावें कीं, वस्त्राच्या धाग्यांत विणणाऱ्याचें धैर्यहि गुंफलेलें असतें.