हर्षद संख्यांचे गुरुजी

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने गणितज्ञाचे चरित्र लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण याचा उपयोग काय, हा प्रश्न आम्हां कलाशाखेच्या मुलांना जसा पदोपदी ऐकावा लागतो, तसाच तो दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांच्या कामाच्याही वाट्याला आला. म्हणून ते मला आपले वाटतात.

१७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला त्यांचा जन्म झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्या आकडेमोडीतूनच मुलाला संख्यांची गोडी लागली. ठाण्यात शालेय शिक्षण घेऊन १९२३ साली ते पुण्यास फर्गसन महाविद्यालयात आले. १९२७ साली त्यांनी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळविले. १९२९ मध्ये पदवी घेतली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरकी केली.

डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' हे नाव दिले. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. असे करीत नऊ वेळा एक लिहून वर्ग केला, की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या उभी राहते. नवापर्यंत चढायचे आणि तसेच उतरायचे! दहा एक घेतले, तर मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते, हातचा येतो आणि ही डौलदार चढण मोडते. पण एवढ्यावर तिची गंमत संपत नाही. तिच्या सर्व अंकांची बेरीज ८१ येते आणि ८१ ने तिला नि:शेष भाग जातो. आपल्याच अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. एका संख्येत त्यांचे दोन शोध असे एकत्र नांदतात.

६१७४ ची करामत त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तेच येत राहते.

तरीही अनेक विद्वानांना हा पोरखेळ वाटला. कापरेकर पदरमोड करून परिषदांना जात आणि स्वत:च छोट्या पुस्तिका छापीत. १९६६ साली पत्नी वारली. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. त्या वेळी त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ साली ते निवर्तले.

मला वाटते, उपयोगाच्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर 'हर्षद' या नावातच आहे. कीर्ती येईपर्यंतची ती सारी वर्षे त्यांना याच आनंदाने तारले असावे. त्यांचे जन्मसाल १९०५ घेतले, तर ६१७४ पर्यंत पोचायला पुरत्या सात पायऱ्या लागतात. मृत्यूचे १९८६ घेतले, तर सहा. वाचकांनी आपापले जन्मसाल घेऊन पाहावे.