कन्नड शब्दांचा जर्मन भांडारी

मराठीला मोल्सवर्थचा कोश लाभला, तसा कन्नडला किटेलचा लाभला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी, ७ एप्रिल १८३२ रोजी, जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरील पूर्व फ्रिसलंड प्रांतात एका धर्मोपदेशकाच्या घरी फर्डिनांड किटेलचा जन्म झाला. हा मुलगा पुढे हजारो कोसांवरील एका भाषेसाठी आयुष्य वेचणार आहे, याची तेव्हा कोणास कल्पना असणार?

स्वित्झर्लंडमधील बासेल मिशनमध्ये शिक्षण घेऊन किटेल १८५३ साली हिंदुस्थानात आला. हुबळी, धारवाड, मंगळूर आणि कोडगूमधील मडिकेरी ही त्याची कार्यक्षेत्रे. धर्मप्रसारासाठी आलेल्या माणसाने लोकांची भाषा शिकावी यात नवल नाही. पण किटेलचा ओढा भाषेकडे इतका होता, की मिशनमधील काहींना त्याची ही पंडिती वृत्ती फारशी रुचत नसे. धर्मोपदेशक म्हणून तो गाजला नाही. ज्या कामासाठी त्याला पाठवले होते त्यात तो मागे राहिला आणि जे काम त्याच्याकडून आरंभी कोणी अपेक्षिले नव्हते त्यात अमर झाला, असे त्याच्या आयुष्याचे सार सांगता येईल.

घरातही सुख फार काळ टिकले नाही. पहिली पत्नी पाउलिन लग्नानंतर काही वर्षांतच निवर्तली; पुढे तिचीच बहीण जुली हिच्याशी त्याने विवाह केला. या साऱ्या काळात त्याचा अभ्यास चालूच होता. येशूचे चरित्र त्याने भारतीय वृत्तांत, कन्नड पद्यात रचले. तेराव्या शतकातील केशिराजाचे 'शब्दमणिदर्पण' हे व्याकरण आणि नागवर्म्याचा 'छंदोम्बुधी' हा छंदःशास्त्रावरील ग्रंथ त्याने संपादून छापविले. कोश रचण्यापूर्वी जुन्या ग्रंथांचा पाया पक्का करावा, ही त्याची शिस्त होती.

कन्नडचे कोश त्याच्याआधीही होते. विल्यम रीव्हचा कन्नड-इंग्रजी कोश १८३२ सालचाच. परंतु किटेलला हवी होती भाषेची संपूर्ण मोजदाद. कन्नड ही एकच भाषा नव्हे, तिचे काळाप्रमाणे आणि प्रांताप्रमाणे अनेक स्तर आहेत, हे त्याने ओळखले. हळगन्नड म्हणजे जुनी कन्नड, मधली नडुगन्नड आणि अलीकडची होसगन्नड असे तीन टप्पे त्याने मानले. जुन्या भाषेत दुधाला 'पाल्' म्हणत, आज 'हालु' म्हणतात. 'पंपा' हे नावही असेच बदलून 'हंपी' झाले. हे धागे जोडता आले तरच शब्दाचे कूळ कळते.

प्रांतभेदांकडेही त्याचे लक्ष होते. म्हैसूरकडील वापर वेगळा, धारवाड-हुबळीकडील वेगळा. तो उत्तर भाग त्या काळी मुंबई इलाख्यात असून 'दक्षिण मराठा मुलूख' म्हणून ओळखला जाई. तेथील शब्दांवर किटेलने तशी खूण केली आहे. तमिळ, तेलुगू, मल्याळम, तुळू यांतील सजातीय शब्द तर त्याने दिलेच, शिवाय मराठीशी नाते असलेले शब्दही नोंदविले.

आदरार्थी शब्दांच्या बाबतीत ही दृष्टी विशेष महत्त्वाची ठरते. 'ये' एवढेच म्हणायचे, तर कन्नडमध्ये लहानास 'बा', मोठ्यास 'बन्नि'. धारवाडकडे मात्र 'बर्री' ऐकू येते. 'नीनु' म्हणजे तू, 'नीवु' म्हणजे तुम्ही. 'अवरु' म्हणजे 'ते' हे अनेकवचन. तेच एका व्यक्तीच्या आदरासाठी नावाला जोडले जाते. 'अय्य' म्हणजे वडील, स्वामी, गुरू. लिंगायत समाजात जंगमालाही तोच मान. 'अप्प' म्हणजे बाप, पण बसप्प, मल्लप्प अशा नावांत तो आदराचा प्रत्यय होऊन बसला. आईला दक्षिणेत 'अम्म', उत्तरेत 'अव्वा'. 'दोरे' हा राजाला लावायचा शब्द पुढे गोऱ्या साहेबालाही चिकटला. अशा शब्दांचा एकच अर्थ देऊन भागत नाही. कोण, कोणाला, कोठे म्हणतो हे सांगावे लागते. मराठी घरातील अण्णा, अक्का, अप्पा या हाकाही याच दाक्षिणात्य कुळातल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे किटेलचे काम आपल्यालाही परके वाटत नाही.

१८७७ साली किटेल मायदेशी परतला. कोशाचे काम अपुरे होते. म्हणून पन्नाशीत, १८८३ साली, तो पुन्हा मंगळूरला आला. गावोगावच्या जाणत्यांना विचारावे, हस्तलिखिते चाळावी, म्हणी टिपाव्या, स्थानिक पंडितांकडून अर्थ पडताळावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. अखेर १८९४ साली मंगळूरच्या बासेल मिशन छापखान्यातून कन्नड-इंग्रजी कोश बाहेर पडला. सतराशेहून अधिक पृष्ठे, सुमारे सत्तर हजार शब्द! संस्कृतमध्ये द्राविडी भाषांतून कोणते शब्द आले असावेत, याची चर्चाही त्याने प्रस्तावनेत केली आहे.

तोवर किटेल कायमचा जर्मनीस परतला होता. १८९६ साली ट्यूबिंगेन विद्यापीठाने त्यास सन्माननीय डॉक्टरेट दिली. थकलेल्या शरीराने त्याने कन्नडचे व्याकरण लिहिले. ते १९०३ साली छापून झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ट्यूबिंगेन येथे त्याचे देहावसान झाले.

पुढे मद्रास विद्यापीठाने मरियप्प भट्ट यांच्याकडून त्या कोशाची सुधारित आवृत्ती करवून घेतली. १९७० नंतर कन्नड साहित्य परिषदेने आठ खंडांचा मोठा कोश सिद्ध केला. तरी किटेलला टाळून कन्नड शब्दाची व्युत्पत्ती पाहणे आजही कठीण. धारवाडात त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे, बेंगळूरच्या हमरस्त्यावर त्याचा पुतळा आहे. कर्नाटकाने परक्या माणसाची आठवण अशी जपली. त्यालाही त्या भूमीने 'अवरु' जोडून आपलेसे केले आहे. आणि एका कोशकाराला याहून मोठा सन्मान कोणता असेल?