मातांच्या रक्तक्षयावर मात करणाऱ्या ल्यूसी विल्स

मीरा-भाईंदरच्या महापालिका आरोग्य केंद्रांत गर्भवती स्त्रियांना लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या जातात. या गोळीतील फॉलिक ॲसिडच्या शोधाची सुरुवात मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत झाली. त्याचे श्रेय डॉ. ल्यूसी विल्स यांना जाते.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे १० मे १८८८ रोजी त्यांचा जन्म झाला. केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्राचा अभ्यास पूर्ण केला. पण त्या काळी हे विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे. पुढे लंडनमध्ये शिकून १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या निमंत्रणावरून १९२८ मध्ये त्या मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणात तीव्र रक्तक्षय होई आणि अनेकींचा त्यात बळी जाई. विल्स यांनी रुग्णांच्या आहाराचा माग काढला. तसाच निकृष्ट आहार त्यांनी आधी उंदरांना, नंतर माकडांना दिला. आजारी माकड अखेर मार्माइट या स्वस्त यीस्ट अर्काने बरे झाले. मग रुग्ण स्त्रियांनाही तोच गुण आला. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्या अर्कातील गुणकारी द्रव्य १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. डीएनए ज्या चार न्यूक्लिओटाइडच्या विटांनी रचला जातो, त्यांपैकी थायमिनची वीट घडवण्यासाठी शरीराला फॉलिक ॲसिड लागते. ते कमी पडले की डीएनएची नक्कल रखडते. अस्थिमज्जेतील पेशी फुगतात, पण विभागत नाहीत. रक्त तयार होण्याचे कामच मंदावते. गर्भाच्या पेशी तर झपाट्याने विभागत असतात. म्हणूनच आईची ही गरज वाढते.

विल्स अविवाहित राहिल्या. निवृत्तीनंतरही त्या फिजी व दक्षिण आफ्रिकेत पोषणाच्या अभ्यासासाठी गेल्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात व्यंग बहुतांशी टळते, हे १९९१ मध्ये ब्रिटनच्या नेतृत्वाखालील चाचणीने सिद्ध झाले. ते पाहायला त्या नव्हत्या. परळच्या प्रयोगशाळेतील त्यांचे काम मात्र आजही घरोघरच्या मातांना उपयोगी पडत आहे.