बाबा पदमनजींचा ‘अरुणोदय’

मराठीतील पहिली कादंबरी मानल्या जाणाऱ्या ‘यमुनापर्यटन’चे (१८५७) कर्ते म्हणून बाबा पदमनजी परिचित आहेत. विधवांच्या दुःस्थितीला वाचा फोडणाऱ्या या लेखकाने स्वतःच्या अंतरंगाचा घेतलेला शोध मात्र ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्रात आढळतो.

१८३१ मध्ये बेळगावच्या एका कासार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घर देवधर्म पाळणारे. शिक्षण मिशनच्या शाळेत. पुढे मुंबईत ते परमहंस सभेत दाखल झाले. १८४९ साली स्थापन झालेली ही सभा जातिभेद मोडू पाहत होती. परंतु तिचे सभासद जातिबंधन झुगारून खाणेपिणे करीत, ते बंद दाराआड. पटलेले सत्य लपवून जगायचे, की उघड सांगून त्याची किंमत मोजायची? पदमनजींनी दुसरा मार्ग पत्करला आणि १८५४ साली बाप्तिस्मा घेतला. १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता. जातीच्या पंगतीतले पान राखणे कोणत्याही कायद्याच्या हाती नव्हते.

त्यानंतर त्यांनी पुण्यात पाळकाचे काम केले, ‘सत्यदीपिका’ चालविली आणि मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती (१८६३) सिद्ध केली. २९ ऑगस्ट १९०६ रोजी त्यांचे निधन झाले.

चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’मध्ये आपल्या मनाची उलघाल मांडून आत्मशोधाच्या लेखनाची वाट घालून दिली. ‘अरुणोदय’ त्याच वाटेवरचा. पण त्यातील माती इथली आहे. त्याचा धार्मिक निष्कर्ष सर्वांना पटेलच असे नाही. तरीही व्रतवैकल्ये, शंका आणि भीती यांतून वाट काढणाऱ्या एका मराठी तरुणाचे मन त्यात उमटले आहे. शिवाय, गुप्ततेत जगलेल्या आणि सभासदांची नावे फुटताच १८६० च्या सुमारास मोडलेल्या परमहंस सभेची आतून दिलेली हकीकत या ग्रंथामुळे अभ्यासकांच्या हाती लागली.

तुडीलसारखी गावे ज्या तालुक्यात मोडतात, त्या महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी दिवसाढवळ्या प्राशन केले. दोघांचे मार्ग निराळे, लढे निराळे. परंतु पटलेले उघडपणे आचरायला किती धैर्य लागते, हे ‘अरुणोदय’ वाचताना आजही उमगते.